एका यंत्राचे दोन मुखत्यार

लिनक्सच्या यंत्रावर नेटवर्क सांभाळणाऱ्या दोन सेवा एकाच वेळी चालू राहिल्या आणि नेट मध्येच जाऊ लागले, की मिळणारा सल्ला ठरलेला असतो : एक ठेवा, दुसरी बंद करा. त्यामागची समजूतही ठरलेली असते. लिनक्समध्ये एकेका कामाला चार-चार पर्याय, कोणी कोणाला विचारत नाही, मग अशी भांडणे होणारच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. ही समजूत उथळ आहे, असे माझे ठाम मत आहे. तिच्यामुळे त्या दिवसापुरते काम भागते, पण निदान चुकते, आणि चुकलेल्या निदानावर कार्यालये वर्षानुवर्षे चालत राहतात.

माझे म्हणणे असे : भांडण दोन सेवा असल्यामुळे होत नाही. कोणते लॅन कार्ड कोणत्या सेवेच्या ताब्यात, आणि ज्या कार्डाबद्दल कोणीच काही लिहिलेले नाही ते कोणाचे, ही हद्द नोंदवलेली नसते म्हणून होते. हद्द लिहिली असेल तर दोन सेवा एका यंत्रावर सुखाने नांदतात. लिहिली नसेल तर एकच सेवा ठेवूनही भांडण मिटत नाही, कारण नेटवर्कला हात लावणारे यंत्रावर इतरही बरेच असतात.

हा प्रश्न मी लखनौच्या संदर्भात मांडतो, याला कारण आहे. जिल्हा न्यायालयांच्या संगणकीकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण धरले आणि न्यायालयांसाठी बेतलेली उबंटू लिनक्सची आवृत्ती वापरात आणली. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या पुणे केंद्राने घडवली. लखनौच्या कैसरबागेतल्या न्यायालयात आपली पुढची तारीख विचारायला आलेला पक्षकार नकळत पुण्यात लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. तेव्हा लिनक्सच्या पोटातली ही कटकट केवळ हौशी मंडळींची राहिलेली नाही. न्यायालयातल्या यंत्राला नेट मिळाले नाही तर कोणाची तरी नोंद अडते.

१. कर्नेल मालकी ओळखत नाही

लॅन कार्डाला आयपी पत्ता देणे, मार्ग आखणे, कार्ड चालू-बंद करणे ही सगळी कामे शेवटी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, करतो. वरच्या सेवा त्याला नेटलिंक नावाच्या वाटेने निरोप धाडतात. निरोप धाडणाऱ्याकडे नेटवर्क बदलण्याचा अधिकार आहे का, एवढेच कर्नेल तपासतो. हे कार्ड कालपासून दुसऱ्या सेवेच्या ताब्यात आहे, तेव्हा तुझे ऐकणार नाही, असे तो कधीच म्हणत नाही. तशी सोयच त्याच्यात नाही. ज्याचा निरोप शेवटी पोचला त्याचे खरे.

मार्गांच्या यादीत प्रत्येक मार्गासोबत तो कोणी घातला याची एक खूण असते : पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने आलेला, हाताने घातलेला, कर्नेलने स्वतः केलेला. ही खूण कर्नेल जपतो, पण तिच्या आधारे कोणाला अडवत नाही. ती फक्त नोंद आहे, मनाई नाही. परिणाम असा, की मालकीचा प्रश्न पूर्णपणे वरच्या सेवांवर सोडलेला आहे, आणि त्या सेवा तो आपापल्या फायलींत, आपापल्या भाषेत सोडवतात. या फायली एकमेकींशी बोलत नाहीत.

२. इतके कारभारी आले कुठून

प्रत्येक सेवा खऱ्या गरजेतून जन्मली. पूर्वी यंत्र टेबलावरून हलत नसे. वायर एक, पत्ता एक. डेबियनची इफअपडाउन ही व्यवस्था त्या काळाला पुरेशी होती. लॅपटॉप आले, वायफाय आले, आणि २००४ मध्ये रेड हॅटमधून नेटवर्कमॅनेजर सुरू झाला. पुढे सर्व्हर आणि कंटेनर यांना माणसाच्या क्लिकशिवाय झटपट उभी राहणारी, हलकी व्यवस्था हवी होती. २०१४ मध्ये, यंत्रावरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीसोबत नेटवर्कडी आली. उबंटूने २०१७ मध्ये १७.१० या आवृत्तीपासून नेटप्लॅन आणला. तो स्वतः नेटवर्क चालवत नाही. एका फाइलमधला मजकूर वाचून तो नेटवर्कमॅनेजर किंवा नेटवर्कडी यांच्यापैकी एकाच्या हाती सोपवतो. डेस्कटॉपवर पहिल्याच्या, सर्व्हरवर दुसरीच्या.

यात अराजक कुठे आहे, मला दिसत नाही. ही वेगवेगळ्या पिढ्यांची, वेगवेगळ्या कामांची अवजारे आहेत.

३. न लिहिलेल्याचे काय

मूळ दुखणे इथे आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नेटवर्कमॅनेजरचे गृहीतक असे, की सोडून दे असे सांगितलेले नाही ते प्रत्येक कार्ड माझे. वायर जोडलेली दिसली आणि तिच्यासाठी आधीची मांडणी नसली, तर तो आपणहून एक मांडणी तयार करून पत्ता मागायला निघतो. नेटवर्कडीचे गृहीतक नेमके उलटे : ज्या कार्डाला लागू होणारी फाइल माझ्यासाठी लिहून ठेवली आहे तेवढेच माझे, बाकीच्याशी मला कर्तव्य नाही. इफअपडाउनही याच वळणाची.

दोन्ही गृहीतके आपापल्या जागी शहाणी आहेत. लॅपटॉपवाल्याला कार्ड जोडताक्षणी नेट हवे असते. सर्व्हरवाल्याला न सांगितलेले काहीही घडायला नको असते. पण एकाच यंत्रावर ही दोन आली, की एखादे कार्ड नेटवर्कडीच्या फाइलमुळे तिचे ठरते आणि कोणी सोडायला न सांगितल्यामुळे नेटवर्कमॅनेजरचेही ठरते. दोघेही आपल्या नियमाप्रमाणे बरोबर असतात. चूक कोणाची, असा शोध घेणारा तंत्रज्ञ इथे हरतो, कारण चूक कोणाचीच सापडत नाही.

समजा, एका कार्यालयात सर्व्हरची उबंटू घातलेले यंत्र आले आणि नंतर कोणीतरी सोयीसाठी त्यावर डेस्कटॉप चढवला. दोन शक्यता संभवतात. पहिली सौम्य : उबंटूने नेटवर्कमॅनेजरला वायरच्या कार्डांपासून दूर राहायला सांगणारी एक फाइल आधीच ठेवलेली असते. मग नेट व्यवस्थित चालते, पण पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर वायर ‘अनमॅनेज्ड’ दिसते. समोर बसणाऱ्याला वाटते काहीतरी बिघडले. मग कोणीतरी सल्ला वाचून ती फाइल रिकामी करतो, चिन्ह ठीक दिसू लागते, आणि दुसरी शक्यता सुरू होते.

आता दोघेही एकाच कार्डासाठी डीएचसीपीकडे पत्ता मागू शकतात. नेटवर्कडी सहसा डीयूआयडी नावाची स्वतःची ओळख सांगते, नेटवर्कमॅनेजर बहुधा कार्डाचा मॅक पत्ता सांगतो. डीएचसीपी सर्व्हरच्या दृष्टीने हे दोन वेगळे ग्राहक. तो दोन वेगळे पत्ते देतो. बाहेर जाणारे दोन मार्ग तयार होतात. प्रत्येक मार्गाला पसंतीचा एक आकडा असतो. लहान आकडा जिंकतो, म्हणून यंत्र एका पत्त्याने बाहेर पडते. आणि पलीकडच्या सर्व्हरवर परवानगी दुसऱ्या पत्त्याला दिलेली असली तर दार बंद. नावावरून पत्ता शोधण्याची रिझॉल्व्ह फाइल कोणी लिहायची, हा तंटा त्याच्या बरोबरीने चालतो.

यातले सर्वांत त्रासदायक म्हणजे हे रोज घडत नाही. यंत्र सुरू होताना नेटवर्कडीने आधी पत्ता लावला असेल, तर नेटवर्कमॅनेजर ते पाहतो, ‘बाहेरून जोडलेले’ अशी नोंद करून गप्प बसतो. तोच आधी जागा झाला, तर स्वतःची मांडणी लावतो. कोण आधी उठला यावर सगळे. म्हणून सोमवारी नीट चाललेले यंत्र मंगळवारी अडते, तंत्रज्ञ येतो, यंत्र पुन्हा सुरू करतो, चालते, आणि नोंदवहीत ‘वायर सैल होती’ असे लिहिले जाते. उलट प्रकारही होतो : कार्ड नेटवर्कमॅनेजरकडे आहे, पण नेटवर्कडीची वाट पाहणारी छोटी सेवा चालूच राहिली आहे. ती दोन मिनिटे थांबते, हाती काही लागत नाही म्हणून नापास होते, आणि तोवर पडद्यावर नेटवर्कची वाट पाहत असल्याची ओळ सरकत राहते. समोरचा माणूस यंत्राला म्हातारे ठरवतो.

४. ‘एक बंद करा’ का पुरत नाही

पहिले कारण अगदी साधे : बंद केलेली सेवा बंद राहतेच असे नाही. सिस्टमडीत ‘डिसेबल’ म्हणजे यंत्र सुरू होताना आपोआप उठू नकोस, एवढेच. दुसऱ्या सेवेने बोलावले किंवा तिच्या सॉकेटवर निरोप आला तर ती पुन्हा उठते. नेटवर्कडी थांबवायला जावे तर हिचा सॉकेट अजून चालू आहे, असा इशारा यंत्र स्वतः देते. घाईत तो वाचला जात नाही. कायमचे दार लावायचे तर ‘मास्क’ करावे लागते. ‘डिसेबल’ आणि ‘मास्क’ यांतला फरक माहीत नसलेल्या हातांनी केलेली दुरुस्ती पुढच्या अपडेटपर्यंत टिकली तरी पुष्कळ.

दुसरे कारण अधिक खोल आहे. एक सेवा खरोखर गेली, तरी यंत्रावरचे बाकीचे कारभारी कुठे जातात? कंटेनर चालवणारा डॉकर आपले पूल बांधतो. व्हीपीएनचा क्लायंट स्वतःचा मार्ग घालतो आणि नावे शोधण्याची व्यवस्था बदलतो. नेटवर्कडी ठेवली असेल तर आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते : आपल्या ताब्यातल्या कार्डावर दुसऱ्या कोणी घातलेले मार्ग ती मूळ स्वभावानुसार काढून टाकू शकते. तसे करू नको, हे तिच्या मुख्य फाइलमध्ये वेगळे सांगावे लागते. तेव्हा एकटी उरलेली नेटवर्कडीसुद्धा व्हीपीएनशी भांडू शकते. तलवार एकच ठेवली, पण म्यानात इतरही बरेच काही होते.

तिसरे म्हणजे, या सेवा लिहिणाऱ्यांनीच सहवास गृहीत धरला आहे. अमुक सेवा चालू झाली तर मी बंद होईन, असे जाहीर करण्याची सोय सिस्टमडीत आहे. नेटवर्कमॅनेजर आणि नेटवर्कडी यांनी ती एकमेकांविरुद्ध वापरलेली नाही. उलट दोघांनीही माघारीचा शब्द दिला आहे : एखादे कार्ड ‘अनमॅनेज्ड’ म्हणून नेमून देण्याची ओळ दोघांच्याही फायलींत लिहिता येते. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत जुनी नेटवर्क सेवा आणि नेटवर्कमॅनेजर दोन्ही होते, आणि कार्डाच्या फाइलमध्ये ‘नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात नाही’ असे सांगणारी एक ओळ घातली की वाटणी होत असे. वाटणीची सोय होती आणि आहे. आपण ती लिहीत नाही.

५. लखनौला ठाऊक असलेली वाटणी

एका संस्थेत दोन ठिकाणांहून अधिकार चालवायचा असेल तर काय लिहावे लागते, याचा उत्तम नमुना लखनौच्याच न्यायव्यवस्थेत आहे. १९२५ मध्ये लखनौला स्थापन झालेले अवधचे चीफ कोर्ट १९४८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात विलीन झाले. ‘एक बंद करा’ या न्यायाने लखनौची गादी संपायला हवी होती. तसे झाले नाही. विलीनीकरणाच्या आदेशातल्या चौदाव्या कलमाने लखनौला न्यायमूर्ती बसतील असे सांगितले आणि त्यांची हद्दही आखली : अवधमधल्या ज्या भागांबद्दल मुख्य न्यायमूर्ती निर्देश देतील, त्या भागांत उद्भवणारी प्रकरणे लखनौला. म्हणजे लखनौच्या पदरी नेमून दिलेले तेवढेच. न नेमलेले सारे अलाहाबादचे. उरलेल्याचा धनी कोण, हे लिहिले गेले. माझ्या मते कलमातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

तरी तंटे झालेच, आणि १९७५ मध्ये नसिरुद्दीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला या कलमाचा अर्थ लावावा लागला. न्यायालयाने सांगितले, की अवधमधले भाग ठरवण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींनी एकदा वापरला की तो पुन्हा पुन्हा वापरून हद्द हलवता येत नाही. लखनौला दाखल झालेले एखादे प्रकरण किंवा प्रकरणांचा एखादा वर्ग अलाहाबादला नेण्याचा आदेश ते देऊ शकतात. पण तो लखनौला आधी दाखल झालेल्या प्रकरणांपुरताच. दाव्याचे कारण थोडे अवधमध्ये आणि थोडे बाहेर घडले असेल तर कुठे जायचे, हे दावा लावणाऱ्याने ठरवायचे.

यंत्रावरच्या सेवांना नेमके हेच हवे आहे. नावे घेऊन दिलेली कार्डे, न दिलेल्यांचा एकच धनी, दोघांचा संबंध येतो तिथला नियम, आणि अपवाद करायचा तर लेखी. कायद्याच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. मग त्यांच्याच दालनातल्या यंत्रांना हा न्याय का मिळू नये?

६. आक्षेप

‘नेटप्लॅनने हे सोडवलेच आहे.’ दिशा बरोबर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एका फाइलमध्ये मांडणी आणि ती कोण चालवणार याचे नाव, हा हद्दीचा कागदच आहे. पण कागद एक राहत नाही. नेटप्लॅन ठरलेल्या फोल्डरांतल्या सगळ्या फायली नावांच्या अनुक्रमाने वाचतो आणि नंतरची फाइल आधीच्या फाइलवर मात करते. यंत्राची पहिली मांडणी करणारा क्लाउड-इनिट आपली फाइल तिथे टाकतो, पुरवठादार आपली, कार्यालयातला माणूस आपली. शिवाय पडद्यावर क्लिक करून केलेली नेटवर्कमॅनेजरची मांडणी पूर्वी नेटप्लॅनला कळतच नसे. ती त्याच्या फोल्डरात जाऊ लागली उबंटू २३.१० पासून. त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रांचे काय, हा प्रश्न उरतोच.

‘मोठे वितरक अखेर एकाच सेवेकडे वळले ना?’ हो. रेड हॅटने २०१४ मध्ये नेटवर्कमॅनेजर मूळ निवड केला, २०१९ मध्ये जुन्या स्क्रिप्ट निरोपाच्या यादीत टाकल्या आणि २०२२ च्या नवव्या आवृत्तीत काढल्या. रास्पबेरी पायनेही २०२३ मध्ये जुना डीएचसीपीसीडी सोडून तीच वाट धरली. पण रेड हॅटचा आठ वर्षांचा क्रम पाहा. वापरणाऱ्यांना आधी सांगितले, मधल्या काळात वाटणीची ओळ दिली, मग काढले. एका दुपारी सेवा बंद करून निघून जाणे आणि हे यांत फार अंतर आहे. नवव्या आवृत्तीच्या यंत्रावरही डॉकर आणि व्हीपीएन असू शकतातच.

‘विंडोजमध्ये असले काही नसते.’ ज्यांनी विंडोज एक्सपीच्या काळात वायफाय वापरले त्यांनी आठवून पाहावे. कार्ड बनवणाऱ्याची स्वतःची वायफाय खिडकी आणि विंडोजची स्वतःची, दोन्ही असत, आणि जोडणी टिकत नसे. त्यावर मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय होता एक चौकोन : हे वायफाय विंडोजने सांभाळावे का, हो किंवा नाही. तिथेही हद्द लिहूनच प्रश्न सुटला.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : लहान जिल्ह्याच्या कार्यालयात एकटा तंत्रज्ञ, त्याच्या माथी शेकडो यंत्रे; तो कुठे हद्दी लिहीत बसणार? त्याने लिहू नयेत, हेच माझे उत्तर. त्याच्या हाती यंत्र येण्याआधी त्या लिहिलेल्या असाव्यात. आजची रीत उलटी आहे. यंत्र एक पुरवतो, अंतर्गत वायरिंग दुसरा करतो, बाहेरची जोडणी तिसरा देतो, सॉफ्टवेअर चौथ्याकडून येते. प्रत्येक जण आपले काम चालते एवढे दाखवून जातो. यंत्राच्या आत चौघांच्या खुणा राहतात आणि त्यांचा मेळ घालायची जबाबदारी कागदावर कोणाचीच नसते. शेवटी बोलणी खातो तो एकटा तंत्रज्ञ. हा अन्याय आहे, आणि ‘एक बंद करा’ हा सल्ला तो अन्याय झाकतो, कारण त्यात दोष सॉफ्टवेअरला देऊन सगळे मोकळे होतात.

७. कागद कोणी लिहायचा

न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एवढ्या खर्चात यंत्रामागे एका पानाची भर पडली तर कोणाला ओझे होऊ नये. यंत्र ताब्यात घेताना वहीत मॉडेल, अनुक्रमांक आणि वॉरंटी आपण लिहितोच. त्याच वहीत प्रत्येक कार्डाचे नाव आणि मॅक पत्ता, ते कोणत्या सेवेकडे, हे कोणत्या फाइलमध्ये सांगितले आहे, न सांगितलेल्या कार्डांचा धनी कोण, व्हीपीएनसारखे आणखी कोण मार्गांना हात लावते, आणि यात बदल करण्याचा अधिकार कोणाला, एवढे यावे. यंत्रांवर चढवायची मूळ प्रतिमा (इमेज) बनवणाऱ्यांनी नको असलेली सेवा ‘मास्क’ करून द्यावी, आणि दोन्ही ठेवायच्या तर दोघींच्याही फायलींत वाटणी लिहून द्यावी; एकीच्या फाइलमध्ये लिहून दुसरी समजून घेईल, असे धरू नये.

तपासणी अवघड नाही. नेटवर्कसीटीएल ही आज्ञा नेटवर्कडीच्या नजरेने कार्डांची यादी दाखवते, एनएमसीएलआय नेटवर्कमॅनेजरच्या. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. प्रत्येक खरे कार्ड एका यादीत ताब्यात आणि दुसऱ्या यादीत ‘अनमॅनेज्ड’ दिसले पाहिजे. दोन्हीकडे ताब्यात दिसले किंवा दोन्हीकडे बेवारस दिसले, तर यंत्र परत. ‘बाहेरून जोडलेले’ असे दिसले तर त्याचा अर्थ आज दुसऱ्याने आधी उठून काम केले, एवढाच, तेही परत. मग यंत्र तीन-चार वेळा बंद-चालू करून याद्या पुन्हा पाहायच्या, कारण शर्यत असेल तर एका वेळी कळत नाही. हे सगळे पुरवठादाराचा माणूस समोर असताना करायचे, दोन्ही याद्यांची छापील प्रत त्या पानाला लावायची, आणि बिलावर सही त्यानंतर करायची.